ठेवू का काढू?

आमच्या मंठ्यात सगळ्यात मोठा आवाज भोंग्याचा. भोंगा म्हणजे माणूस. खरं नाव मिलिंद, पण त्या नावाने त्याला फक्त त्याची आई हाक मारायची. रिक्षावर दोन कर्णे बांधून तो दिवसभर आसपासच्या गावांतून जाहिराती करत हिंडायचा. साड्यांचा सेल, खताचं दुकान, कोचिंग क्लास, कुणाची हरवलेली म्हैस. म्हशीची जाहिरात तर इतका जीव ओतून करायचा, की ऐकणाऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. आणि हाच माणूस रॅप करायला लागला, की आवाज एकदम खाली आणायचा. पुढे सरकून कान द्यावा लागे. एकदा मी वैतागून विचारलं, "अबे, रॅपमधी पोरं बोंबलतेत. तू पुटपुटतो काहून?"

"दिवसभर दुसऱ्याचं बोलून राह्यलो ना अन्वर, ते वरडूनच बोलावं लागतं. माहं सोताचं हळू बोललं तरी भागतं."

अन्वर म्हणजे मी. माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. दुकानामागच्या खोलीत भिंतीला गाद्या टेकवून आम्ही गाणी रेकॉर्ड करायचो. बीट माझं, बोल त्याचे. गाद्या अम्मीच्या, त्यामुळे घरात पाहुणे आले की आमचं रेकॉर्डिंग बंद. भोंगा पाहुण्यांच्या नावाने खडे फोडायचा आणि वर त्यांच्यासाठी चहासुद्धा तोच सांगून यायचा.

त्याचा एक नियम होता, आणि त्या नियमाने माझं डोकं उठवलं होतं. ज्याच्यावर गाणं, त्याला ते आधी ऐकवायचं. त्याच्यासमोर उभं राहायचं, गाणं म्हणायचं आणि विचारायचं, "ठेवू का काढू?" समोरचा काढ म्हणाला तर काढायचं. वाद नाही, घासाघीस नाही. जगात कुठला रॅपर असं करतो? लोक एकमेकांची आयमाय उद्धरतात आणि वरून टाळ्या घेतात. पण भोंग्याचं म्हणणं, "मी त्याच्या जिंदगीतून उचलून राह्यलो. इचारायला नको?"

आमच्या वायरमनवर त्याने एक झणझणीत गाणं केलं होतं. लाइट गेली की फोन बंद, डीपी जळाला की माणूस गायब, असं सगळं. म्हटलं आता मार खातोय. भोंगा सरळ वायरमनच्या घरी गेला, अंगणात उभं राहून त्याला सगळं गाणं ऐकवलं. वायरमन बनियनवर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "ठेव. पर खांबावर चढल्यावर माहे पाय कापतेत, ते बी टाक की. समद्याला वाटतं, ह्याला भ्याच न्हाई वाटत." भोंग्याने ते टाकलं. गाण्यातली सगळ्यात चांगली ओळ तीच ठरली.

पण भोंग्याच्या स्वतःच्या दारुड्या मामावरचं गाणं गेलं ते गेलंच. काय गाणं होतं महाराजा! ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. मामाने ऐकलं आणि म्हणाला, "काढ, बाबा. लेकीचं लगीन हाय." भोंग्याने माझ्यासमोर फाइल उडवली. मी त्याला त्या दिवशी नाही नाही ते बोललो. तो नुसता हसला आणि रिक्षा काढून गेला.

मग आलं 'वेचणी' हे गाणं. कापूस फुटला की सकाळी भोंग्याच्या गल्लीतून बायकांची टोळी पिकअपमध्ये बसून वेचणीला जाते. भोंग्याची आईही त्यातच. निघण्याआधी मुकादमीण एकेक नाव पुकारते आणि मागून "हाय!" असा आवाज येतो, म्हणजे कुणी मागे राहायला नको. भोंग्याने ती हजेरीच गाण्यात घेतली. कांता, हाय! नूरजहाँ, हाय! आणि मधे हे असं:

बोंडाचं टोक बोटात, बोट गेलं तोंडात,
तोंडातलं गाणं मंग राह्यलं तसंच पोटात.

टोळीत एक थोराड बाई होती. मुकादमीण तिला 'गण्याची माय' म्हणूनच पुकारायची. भोंग्याने तिला नाव विचारलं, तर तिला चटकन सांगताच येईना. पदराशी चाळा करत म्हणाली, "सरस्वती. पर आता कोन म्हन्तंय?" त्याने गाण्यात सरस्वती घातलं. नियमाप्रमाणे पिकअपजवळ उभं राहून गाणं ऐकवलं, मी मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. तिचं नाव आलं आणि मागून ही बाई एवढ्या जोरात "हाय!" म्हणाली, की मोबाइल माझ्या हातून पडता पडता राहिला. बायका हसून हसून लोळल्या. तो "हाय!" आम्ही तसाच गाण्यात ठेवला.

गाणं सुटलं ते सुटलंच. शहागडच्या धाब्यांवर ट्रकवाले ते लावायला लागले. मग मुंबईच्या एका कंपनीचा माणूस गाडी करून मंठ्यात आला. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. अम्मीच्या गादीवर मांडी घालून बसला, चहा प्याला, भोंग्याची मनापासून तारीफ केली. म्हणाला, "बीट ठेवू, आवाज ठेवू. फक्त नावं काढू. गावाकडच्या बायकांची नावं कुणाला कळणार? तिथे एक पोरगी पाहिजे." आणि त्याने मोबाइलवर हूक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, वाचून दाखवला: कापसावानी गोरी गोरी, चल ना शेतात पोरी.

मला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. माझ्या खोलीचा खरा स्टुडिओ झाला असता. भोंग्याच्या आईच्या डोक्यावर पत्र्याऐवजी स्लॅब आला असता, रिक्षा कायमची सुटली असती. आणि भोंगाही नाही म्हणाला नाही. त्या गोऱ्या पोरीसकट सगळं गाणं त्याने नीट रेकॉर्ड केलं. मग कंपनीच्या माणसाला म्हणाला, "उद्या सांगतो. आधी त्यांना ऐकवतो."

"कुणाला?"

"ज्यांचं हाय त्यांला."

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. मग मीच त्याला तो नियम समजावून सांगितला, कप्पाळ!

सकाळी आम्ही पिकअपजवळ गेलो. भोंग्याने आधीच सांगितलं, की मुंबईवाल्यांनी थोडं बदललंय. मोबाइलवर नवं गाणं लावलं. मी सांगतो, एकाही बाईने काढ म्हटलं नाही. कांतामावशी म्हणाली, "म्हन की बाबा, चार पैसे येतेत ना?" नूरजहाँखालाने मान डोलावली. आई म्हणाली, "मिलिंदा, माहं काई म्हननं न्हाई. घर व्हईल." मी मनातल्या मनात पेढे वाटले. गाणं संपलं, भोंगा मोबाइल खिशात घालायला लागला. तेवढ्यात सरस्वतीमावशी पुढे वाकली, पदर कानामागे सारून म्हणाली, "थांब ना रं. वाजू दे अजून. माहं यायचंय."

तिच्या ओठावर तो 'हाय' तयार होता, मी बघितला ना! भोंगा म्हणाला, "मावशे, झालं गानं." ती बरं म्हणाली आणि डबा मांडीवर घेऊन मागे सरकून बसली. पिकअप निघून गेली.

भोंग्याने तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याचं बोलणं मला पाठ आहे. "साहेब, राग मानू नका. दुसऱ्याचं बोलायला माझ्याकडं रिक्षा हाय की."

मी बोलणं सोडलं त्याच्याशी. रस्त्यात दिसला की तोंड फिरवायचो. त्याने बायकांना विचारलं, पण माझ्या स्टुडिओचं काय, हे मला कुठे विचारलं? अम्मीच एक दिवस म्हणाली, "झगडा करो बेटा, बात करना नको छोडो." मग भोंगाच दुकानात आला, काही घडलंच नाही असा गादी सरळ करत म्हणाला, "नवीन बीट दे." दिलं. काय करता!

कंपनीने ती गोरी पोरी दुसऱ्याच गायकाकडून गाऊन घेतली. तुफान चालली. प्रत्येक हळदीत तीच, आणि लग्नाच्या व्हिडिओत मलाच ती घालावी लागते, बोला! मोबाइलच्या दुकानाच्या जाहिरातीआधी भोंग्याच्या रिक्षावरही तीच वाजायची. मी चिडायचो, तर म्हणायचा, "ते त्यांचं गानं हाय, वाजू दे. चाल बराबर बसलीय." त्याला खरंच वाईट वाटत नव्हतं का? एकदा पावसात पत्रा गळायला लागल्यावर आईच्या अंथरुणाशी पातेलं ठेवताना मी त्याला बघितलंय. तेव्हा तो माझ्याशी नेहमीसारखा थट्टेने बोलला नाही.

आता माझं दुकान जालन्यात आहे. भोंगा अजून मंठ्यातच, रिक्षा तीच, कर्णे नवे. त्याची खोड मात्र मला लागली. व्हिडिओ हातात देण्याआधी मी नवरीच्या आईला बसवून दाखवतो आणि विचारतो, "ठेवू का काढू?" परवा एका बाईने अख्खी हळद काढायला लावली. धंद्याची पार वाट लागलीय, पण काय करू, विचारल्याशिवाय करमत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ते भोंग्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हशीपासून पातेल्यापर्यंत. मी विचारलं, "ठेवू का काढू?" तर म्हणतो कसा, "माहं राहू दे. मावशीला ऐकवलं का?"

झालं! एवढ्यासाठी मी सकाळी सकाळी जालन्याहून मंठ्याला गेलो. पिकअप उभी होती, बायका डबे घेऊन बसलेल्या, भोंगा चाकाला टेकून उभा. मुकादमीण घड्याळ दाखवत होती. मी कागद काढले आणि भराभर वाचायला लागलो. थोराड बाई म्हटल्यावर खसखस पिकली. मग ते नाव आलं. मी म्हणालो, "सरस्वती," आणि श्वास घ्यायला थांबलो.

"हाय!" मागून आवाज आला.

भोंगा खाली मान घालून, रॅप करतानाच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "ठेव."