स्वित्झर्लंडचं मावंदं

अमरावतीच्या राजापेठेत खुशालराव गुरुजींना न ओळखणारा माणूस एक वेळ सापडेल, पण त्यांचं स्वित्झर्लंड न ऐकलेला सापडणं कठीण. सकाळी फिरायला येणारी मंडळी, न्हावी, दूधवाला, सगळ्यांचे कान किटले होते. गुरुजींनी बत्तीस वर्षं नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर हिमनदी अशी काढत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वहीत उतरवून घेत. स्वतः गुरुजींनी मात्र बर्फ पाहिला होता तो रसवंतीवाल्याच्या पेटीतला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांच्या मुलानं, पुण्याच्या श्यामनं, आईबापांना टूरबरोबर पाठवायचं ठरवलं तेव्हा गुरुजींना आठ दिवस धड झोप लागली नाही.

तिकडे काय झालं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. चौथ्या दिवशी डोंगरावर जायचं होतं. अकरा हजार फुटांपर्यंत रेल्वे जाते आणि वरून हिमनदी दिसते. मधल्या स्टेशनावर गाडी बदलताना गुरुजींच्या पत्नीला, आशाबाईंना, धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. टूरच्या बाई म्हणाल्या, यांना वर नेणं बरं नाही, कोणीतरी सोबत थांबा. आशाबाई बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमी जा. मी बसते अथी."

बायको असं म्हणाली की नवऱ्यानं आधी नाही म्हणायचं असतं. मग ती दुसऱ्यांदा म्हणते आणि जायला मोकळीक मिळते. गुरुजींनी तिच्यावर दुसऱ्यांदा म्हणायची पाळीच येऊ दिली नाही. डब्याचं दार लागत होतं, ते चढले.

वर हिमनदी पाहून ते चक्क रडले. यू आकाराची दरी, कडेनं साचलेला दगडगोट्यांचा हिमोढ, सगळं त्यांच्या फळ्यावरच्यासारखंच होतं. तो आनंद अस्सल होता, त्यात खोट काढायचं कारण नाही. खोट आली ती राजापेठेत परतल्यावर. पहिल्याच सकाळी शेजारच्या किशोरनं विचारलं, "गुरुजी, काकूबी चढल्या काय इतक्या वरतं?" आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "हो तं! जोडीनं गेलो."

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. वरच्या सगळ्या फोटोंत गुरुजी एकटे. "फोटो तं तुमची काकूच काढे," ते सांगायचे. आशाबाई चहाचे कप ठेवून आत जायच्या. त्यांनी कधी खोडून काढलं नाही आणि कधी होयही म्हटलं नाही. गुरुजींना या गप्प राहण्याचीच धास्ती होती. आजारी बायकोला परमुलुखात बाकावर टाकून गेलेला मास्तर, असं एकदा झालं की मग तोंड दाखवायला जागा कुठे?

गुरुजींची मोठी बहीण चतुराबाई नांदगाव खंडेश्वरातच राहते. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र अजून पाटलाचा. भाऊ-भावजय बर्फाच्या डोंगरावर जोडीनं जाऊन आले हे ऐकल्यावर तिनं फर्मान काढलं, मावंदं घाला. काशी किंवा चारधाम करून आलेल्या जोडप्याला पाटावर बसवून पाय धुवायचे आणि मग पंगत उठवायची, ते मावंदं.

"बाई, थो हिमालय नोहे, आल्प्स हाय," गुरुजींनी समजावून पाहिलं. "देवगिव काही नाही तथी."

"बरफ हाय ना?"

"बरफ तं हाय."

"मंग महादेव असनच. तुले दिसला नसन."

बत्तीस वर्षांचा भूगोल या एका वाक्यापुढं गारद झाला. चतुराबाईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मध्ये आलं म्हणून मावंदं लांबलं, पण टळलं नाही.

डिसेंबरात तिच्याच अंगणात मांडव पडला. गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले जात होते, वांग्याच्या भाजीचं गंज चुलीवरून उतरलं होतं, साठेक माणसं जमली होती. दोन पाटांवर गुरुजी आणि आशाबाई बसले. चतुराबाई देवापुढं ठेवलेला पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. पाय धुण्याआधी दोघांनीही दर्शन झाल्याचं आपल्या तोंडानं सांगायचं, अशी त्यांच्या घरची रीत. गुरुजी ती साफ विसरले होते. त्यांनी आपलं सांगून टाकलं. चतुराबाई भावजयीकडे वळली.

"आशा, तुले झालं ना वं दर्शन वरतं?"

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत सरळसरळ विनवणी होती.

"मी वर नाही गेली, बाई," आशाबाई म्हणाल्या. "देवाच्या पान्यापुढं खोटं कशी बोलू? मी खालतंच होती. बाकावर. तीन घंटे."

"अन् हा?"

"हे गेले वरतं."

अंगणात चुळबुळ झाली. रोडगे फिरवणाऱ्यांचे हात थांबले. गुरुजींना पाटावरून उठवेना आणि बसवेनाही.

"एकटीच?" मागून गल्लीतल्या जमुनाकाकूंनी विचारलं. "भेव नाही लागला तुले?"

"पयले लागला. मंग एक म्हतारी आली, बाजूले बसली. तिची भाषा मले येये ना, माही तिले येये ना. तिनं मले थर्मासातला चहा देल्ला, बिनादुधाचा. मी शेवेचा पुडा फोडला. तिले असं तिखट लागलं, डोये पुसे अन् हासे." आशाबाईही हसल्या. "समोर डोंगर होता. ढग आला का जाये, ढग गेला का पुन्हा उभा. आमी दोघी पायतच बसलो."

त्या चारचौघांत इतक्या कधी बोलल्या नव्हत्या. बायका सरकून जवळ आल्या. चतुराबाईनं थोडा विचार केला आणि तांब्या खाली ठेवला.

"मावंदं जोडीचं असते, खुशाल. जोडी नाही तं मावंदं नाही. पाय मी कोनाचेच धुवत नाही. चला, पंगत बसवा. रोडगे थंडे होऊन राहिले."

लोक पोटभर जेवले. पण गुरुजींना त्या दिवशी हिमनदीबद्दल कोणी काही विचारलं नाही. सगळ्या बायका आशाबाईंभोवती होत्या आणि तिकडून हसण्याचे आवाज येत होते. गुरुजी पहिल्या पंगतीत बसून रोडगा चिवडत राहिले. आपली लाज गेली याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण आपल्या बायकोची ही गोष्ट आपण साठ लोकांबरोबर पहिल्यांदा ऐकली, याचं त्याहून जास्त वाटत होतं.

साडेचारच्या एसटीनं दोघं अमरावतीला निघाले. दोन्ही अंगांना तूर उभी होती.

"थंडी वाजली काय वं तुले तथी?" गुरुजींनी विचारलं.

"वाजली."

"कुठची होती थे म्हतारी?"

"काय मालूम." आशाबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तिची गाडी आलती. ते चढली नाही. मंग दुसरी आली, तेबी गेली. हातानं म्हने, तुहा मानूस येऊ दे. तुमी आले तवा उठली."

गुरुजींना आठवलं. ते आनंदानं धापा टाकत उतरले होते, आणि बाकावरून राखाडी कोटातली एक बाई उठली होती. त्यांना वाटलं होतं, आपल्याला जागा करून दिली. ते तिथे बसले होते आणि बायकोला बरं वाटतं का हे न विचारता त्यांनी लगेच हिमनदी सांगायला सुरुवात केली होती.