पंखा फिरला म्हणजे पॉवर सप्लाय चांगला?

पोंभुर्ण्याकडचं कोणी आत्ता ऑनलाइन आहे का? असेल तर हे लगेच वाचा.

काल वीज कडाडली आणि आलापल्लीच्या आमच्या क्लासमधला एक कम्प्युटर फट्‌ आवाज होऊन बंद पडला. पॉवर सप्लायला जळका वास येत होता.

आज सकाळी सप्लाय सुरू होतो का हे तपासायला त्याची हिरवी आणि काळी वायर तारेनं एकमेकींना जोडून पाहिली, तर त्याचा पंखा फिरला. माझा पार्टनर सुधाकरभाऊ म्हणाला, "फिरून राह्यला ना! काऊन भेतं? लाव."

लावला. कम्प्युटर सुरू झाला. मी कम्प्युटरच्या लोखंडी डब्याला हात लावला, काही जाणवलं नाही.

मग फरशी पुसणाऱ्या कमलाबाईंचा ओला हात डब्याला लागला. त्या किंचाळून मागं पडल्या.

आमच्या दोघांच्या पायात रबरी चपला होत्या. बाई अनवाणी होत्या.

मी तो सप्लाय काढून ठेवला, म्हटलं हा फेकायचा. सुधाकरभाऊ म्हणे, "हात वला होता म्हून लागला. चांगली वस्तू फेकते का कोणी?"

बाईंना दवाखान्यातून घरी सोडून आलो, तर सप्लाय गायब. समोरचा पानठेलेवाला म्हणाला, "सुधाकरभाऊ तो घेऊन बसनं गेले नं! पोंभुर्ण्याले साळ्याच्या शाळेतला कम्प्युटर बंद हाय म्हने."

शाळेचा फोन लागत नाही, सुधाकरभाऊचाही नाही. मी गाडीनं निघतोय. जवळ असाल तर माझ्या पानावर स्क्रॅप, म्हणजे निरोप, टाका; शाळेचं नाव इथं सगळ्यांसमोर नको, निघण्याआधी तुम्हाला सांगतो. तिथं पोचलात की आधी शाळेचा मेन स्विच बंद करा.

धूळ नको म्हणून तिथं कम्प्युटरच्या खोलीत जाताना पोरं चपला दाराबाहेर काढतात.