काळ्यावर तपकिरी

बुरमाकान आपा मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. ती अजून धडधाकट आहे, आमच्या शेजारीच राहते, आणि हे तिच्या कानावर गेलं तर काठी घेऊन येईल. येऊ दे.

आमच्या गावात शिर्दाक, म्हणजे लोकरीचा नक्षीदार गालिचा, कापणारी ती एकटी. लोकर थापून नमदे करायचे, त्यातले दोन वेगळ्या रंगांचे एकावर एक ठेवायचे, वरच्यावर खडूने मेंढ्याच्या शिंगांची नक्षी काढायची आणि एकाच सुरीने दोन्ही एकदम कापायचे. मग याची शिंगं त्याच्यात बसवायची, त्याची याच्यात, आणि शिवायचं. एका कापणीत दोन गालिचे होतात, एकमेकांच्या उलट रंगांचे. शिवायला कोणीही चालते. कापायला मात्र हात लागतो, कारण सुरी घसरली की दोन्ही वाया. पन्नास वर्षांत आपाने एकही रेघ पुसून पुन्हा काढली नव्हती, आणि हे ती आम्हाला दिवसातून दोनदा ऐकवायची.

तिच्याकडे शिवायला आम्ही सहा जणी जायचो. मी नवी सून होते तेव्हा तिने माझी शिवण माझ्या सासूसमोर टराटरा उसवली होती.

"झिपार, हे टाके आहेत की चिखलातून कोंबडी गेली?"

सासूने ते वाक्य पुढे बारा वर्षं पुरवून वापरलं. गेल्या वर्षी आमच्यातली सोनुन भीतभीत म्हणाली, "आपा, इथे रेघ जरा वाकडी वाटते," तर तिला महिनाभर दारात उभं केलं नाही. त्यानंतर आम्ही सगळ्या मूग गिळून शिवायला शिकलो.

आपाच्या पलीकडचं घर तीन वर्षांपूर्वी हलिमाने घेतलं. हलिमा दुंगान, म्हणजे चीनकडून आलेल्या मुसलमानांतली, पन्नाशीची विधवा, जोडे शिवून त्यांवर फुलं भरणारी. आल्या आल्या तिने सगळं अंगण खणून लसूण लावला. आपाच्या मेंढ्यांनी तो खाल्ला. झालं, तेव्हापासून कुंपणावरून रोज आरती.

"ए लसूणवाली! तुझ्या वासाने माझं दूध नासतं!"

"नासणारच. तुमच्या मेंढ्या माझा लसूण चरून येतात!"

तिच्या घरात आपाने कधी पाऊल टाकलं नव्हतं. जोड्यांवरच्या फुलांसाठी हलिमा आधी कागद कापून नमुना करते, हे कळल्यावर आपा आठवडाभर हसत होती. "कागद म्हणजे आंधळ्याची काठी गं," म्हणायची.

आपाच्या नातीचं, सेझिमचं, लग्न ऑक्टोबरात ठरलं. आई नसलेली पोर, आजीनेच वाढवलेली. आजीच्या हातचा लाल-काळा शिर्दाक तिच्याबरोबर सासरी जायलाच हवा होता. गावात सगळ्यांना आपा कापून देते आणि तिचीच नात बाजारची चादर घेऊन गेली, तर तोंड कुठे लपवायचं? जूनमध्ये कापायचं ठरलं.

त्या दिवशी आपाने आधी काळा नमदा पसरला. मग भिंतीजवळच्या चळतीतून दुसरा ओढला आणि काळ्यावर टाकला. तो लाल नव्हता. गडद तपकिरी होता, जवळजवळ काळाच. लाल तिथेच भिंतीशी घडी घालून पडला होता.

मला दिसलं. शेजारी बसलेल्या उल्कानलाही दिसलं, कारण तिने चहाच्या वाटीत डोळे घातले. सोनुन सुईत दोरा ओवत बसली, आधीच ओवलेल्या सुईत. त्याआधीचा हिवाळाभर आपा "बल्बच मंद येतात हल्ली" म्हणून कुरकुरत होती, चहात दोनदा मीठ टाकत होती. तेव्हाच कळायला हवं होतं. तिने खडू घेतला. मग सुरी. सुरी नमद्यात शिरली तरी आम्ही सहा जणी गप्प होतो. मी भिऊन गप्प बसले असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. उरलेली अर्धी मजा होती. बारा वर्षं मी कोंबडी होते, आता तुझी कोंबडी चालू दे, असं माझ्या मनात आलं.

अर्धं कापून झालं होतं तेव्हा हलिमा मेंढीचा कान धरून दारात उभी राहिली.

"आपा, ही परत माझ्या वाफ्यात—" आणि ती थांबली. "काळ्यावर तपकिरी का कापताय? नक्षी दिसणार कशी?"

"लाल आहे तो," आपा म्हणाली.

"लाल भिंतीशी पडलाय."

आपाने मान वर केली आणि नेमकं माझ्याकडे वळवली. "झिपार, सांग हिला. लाल आहे ना?"

माझी मान भिंतीकडे वळली. तिला तेवढं पुरलं.

"निघा," ती म्हणाली. "सगळ्या."

"मेंढीचं काय?" हलिमाने विचारलं.

"कापून खा!"

तीन दिवस आपाचं दार बंद होतं. चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा कुंपणापाशी तिचा आवाज ऐकला.

"ए लसूणवाली! माझ्या घरचा चहा पिणाऱ्या सहा जणी गप्प बसल्या. तू का बोललीस?"

"मी तुमचा चहा पीत नाही ना."

आपाने कुंपणाची एक काठी हलवून पाहिली. मग म्हणाली, "डोळ्यांचा डॉक्टर कुठे असतो?"

"शहरात, काराकोलला. माझ्या मावशीचा मोतीबिंदू त्यानेच काढला."

"सुरी लावतो?"

"लावतो. तुमच्या सुरीपेक्षा बारीक."

"आणि मेले तर?"

"मेंढी मी ठेवून घेईन."

गेली बाई! जन्मात डॉक्टरकडे न गेलेली आपा दुंगान बाईबरोबर मिनीबसमध्ये बसून गेली, हलिमाच्या बहिणीच्या घरी दहा दिवस राहिली, व्हिनेगर-लसणाच्या थंड शेवया खाल्ल्या. परत आली ती डोळ्याला पट्टी बांधून आणि अंगाला लसणाचा वास घेऊन. पट्टी सुटल्यावर हलिमाकडे नीट बघून म्हणाली, "मला वाटलं होतं त्यापेक्षाही तू कुरूप आहेस." हलिमा म्हणाली, "डॉक्टर चांगला होता म्हणायचा."

दुसऱ्या डोळ्याला अजून वेळ होता, आणि एका डोळ्याने ओढलेल्या रेघेवर आपाचा भरवसा नव्हता. सप्टेंबरात आम्ही नवा काळा नमदा थापून दिला, तेव्हा हलिमा कागदाची शिंगं कापून घेऊन आली. त्या कागदावरून दोघी सकाळभर भांडल्या. आपा म्हणे शिंगं जाडी झालीत, हलिमा म्हणे तुमच्या मेंढ्या जाड्या आहेत. शेवटी आपाने कागद लाल नमद्यावर ठेवला आणि त्याच्या कडेने खडू फिरवला. त्या क्षणी आमच्यातली एकही हसली नाही.

मग सुरी घेण्याआधी तिने एकेकीला विचारलं.

"उल्कान, वरचा रंग?"

"लाल."

"सोनुन?"

"लाल, आपा."

"झिपार? मोठ्याने बोल. तोंडात लापशी आहे का?"

"लाल!"

"माझं चुकलं की तिथल्या तिथे बोलायचं. गप्प राहील तिला चहा नाही."

ती कापत होती. मध्येच सोनुन ओरडली, "आपा, थांबा! डावीकडे!" आपाने सुरी उचलली, वाकून पाहिलं आणि रेघ पुसून दुसऱ्यांदा काढली. पन्नास वर्षांतली पहिली.

सेझिम लाल-काळा शिर्दाक घेऊन सासरी गेली. त्याचा जोडीदार, काळ्यावर लाल शिंगांचा, हलिमाच्या घरात पसरला आहे. मेंढ्या अजून लसूण खातात आणि दोघींची आरतीही चालू आहे.

मला वाटलं, मी सुटले. जानेवारीत आपा आमच्या दारात आली, खांद्यावर गुंडाळी घेऊन. तिने ती माझ्यासमोर उलगडली. जूनमधला तो काळ्यावर तपकिरी. उरलेली कापणी तिने तशीच पुरी केली होती आणि एकटीने शिवला होता.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"मजा वाटली?"

खोटं बोलता आलं असतं. "हो, आपा."

तिने मान हलवली. "याचा जोडीदार माझ्याकडे आहे. तुमची तोंडं मी शिवली होती, ते माझ्या माथी. त्या जोडीदारावर मी रोज बसते. पण मजा तुझी होती. ती तुझी तू तुडव."

चहाला थांबली नाही. जाताना गालिच्याची कड उचलून माझ्याकडे केली. "टाके बघून ठेव. टाके असे घालतात."

पाहुणे म्हणतात, साधा काळाच आहे की. दुपारी चारच्या सुमाराला खिडकीतून ऊन आडवं येतं, तेव्हा त्यात शिंगं दिसायला लागतात. तेवढा वेळ मी त्याच्यावर पाय ठेवत नाही.