साडूंचा ओव्हन आणि माझी कबुली

माझे थोरले साडू आपल्या सावलीकडेसुद्धा ओळखपत्र मागतील. सदाशिव पेठेत त्यांना सगळे ओळखतात, आणि ते मात्र सगळ्यांना फक्त ‘पाहून आहेत’. भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी वर घातली, तर ते ती परत करून विचारतात, “का देताय? काय झालंय हिला?” बेकरीवाला पावात काय घालतो ते बेकरीवाल्यालाही ठाऊक नसतं, असं त्यांचं मत आहे, म्हणून गेली कित्येक वर्षं ते दर रविवारी घरच्या ओव्हनमध्ये स्वतः पाव भाजतात. कुठलीही वस्तू दुरुस्तीला द्यायची, तर आधी आतल्या प्रत्येक भागावर ताईच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका देतात. भाग बदलला तर कळावं म्हणून. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणते, “माझ्या नखांना कधी लागलंच नाही हो ते.”

या माणसाचा विश्वास होता तो एकाच माणसावर, बुधवार पेठेतल्या ओव्हन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींवर. वीस-बावीस वर्षांची ओळख. दोघं रविवारी अर्धा अर्धा चहा घेत कंपन्यांना नावं ठेवत बसायचे. मागच्या वर्षी ओव्हनचा सेन्सर गेला. आत मागच्या बाजूला पेन्सिलीएवढी एक बारीक कांडी असते, ती आतली उष्णता ओव्हनला सांगते. मिस्त्रींनी नवी बसवली, साडूंनी तिच्या प्लगवर ठिपका दिला. पुढचे दोन रविवार पाव उत्तम झाले आणि तिसऱ्या रविवारी कच्चा राहिला.

साडूंनी ओव्हन ओढून मागचं झाकण काढलं, प्लग सोडवून मल्टिमीटर लावला. आकडा बरोबर. वायर बरोबर. प्लगवर ठिपकाही होता. तो त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “माझा ठिपका इतका गोल नसतो.” मग मिस्त्रींना फोन लावला. “ओरिजनल काढून डुप्लिकेट घातलात. वर ठिपकाही दिलात!” पलीकडून मिस्त्री म्हणत होते, “साहेब, एकदा बघू तर द्या.” साडू म्हणाले, “बघायचं ते मी बघितलंय. आपण आमच्याकडे पुन्हा येऊ नका.”

मी शेजारी बसून चहात खारी बुडवत होतो. आता सांगून टाकतो. आदल्या दिवशी साडूंच्याच घरी पापड भाजायला म्हणून मी मोठा ट्रे आत रेटला होता. काहीतरी अडलं, मी आणखी जोर लावला. कांडी वाकून मागच्या पत्र्याला टेकली. पत्रा आधी तापतो, त्यामुळे ओव्हनला वाटायचं सगळंच तापलं, आणि तो मध्येच बंद व्हायचा. मी ते पाहिलं आणि दार लावून घेतलं. साडूंना आत डोकावायचं सुचलं नाही. त्यांचा संशय पार बुधवार पेठेपर्यंत पोचला, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माझ्याकडे काही वळला नाही.

आठ महिने मी गप्प होतो. पाव बंद झाले, रविवारचा चहा साडू एकटेच घेऊ लागले. मग कळलं, मिस्त्री दुकान बंद करून लोणी काळभोरला मुलाकडे कायमचे चाललेत. त्याच संध्याकाळी मी जाऊन सगळं सांगितलं. “तुम्ही?” एवढंच साडू म्हणाले. मग चपला घातल्या. “चला.”

दुकानाचं शटर अर्ध्यावर होतं. साडू वाकून आत शिरले. “मिस्त्री, कांडी वाकली होती.”

“वाटलंच होतं मला. कुणी वाकवली, साहेब?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साडू म्हणाले, “माझ्याच हातून. ट्रे रेटला मी.”

मिस्त्रींनी खोक्यांवरची धूळ झटकून त्यांना बसायला जागा केली. मी शटरबाहेर उभा राहिलो. आतून बराच वेळ कंपन्यांना नावं ठेवणं ऐकू येत होतं. मला आत कुणी बोलावलं नाही, आणि का, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.