डोंग्यातलं चौथं वजन

प्रिय ओम आणि ईरा,

भूत, आत्मा, अंगात येणं यांतल्या कशावरही माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही. नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते तेव्हा होस्टेलच्या मुली प्लँचेट करायच्या आणि मी शेजारच्या खोलीत व्याकरण पाठ करत बसायचे. तुमच्या आजोबांचं तर विचारूच नका. पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर... ज्याचं माप घेता येत नाही, ते त्यांच्या लेखी नव्हतंच. तरी ही हकीकत लिहिते आहे, ती ओमच्या ई-मेलमुळे. ऑकलंडला बाबांबरोबर छोट्या बोटीतून समुद्रात गेलो, दिवसभर बसलो, एकही स्नॅपर लागला नाही, आजोबांच्या काही टिप्स आहेत का — असं त्याने विचारलं आहे.

आहेत. समुद्रातल्या माशाशी माझी ओळख ताटापुरतीच, आणि आजोबांची सगळी विद्या गोड्या पाण्यातली. पण छोटी नाव सगळीकडे सारखीच डगमगते. तेव्हा आधी टिप्स आणि त्यांच्या ओघात ती गोष्ट.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात होतो. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाताना सावली गावाच्या अलीकडे एक फाटा फुटतो, त्याच्या टोकाच्या गावात. गावाचं नाव लिहीत नाही, ती माणसं अजून तिथेच राहतात. गावाला लागून जुना, मोठा तलाव. पूर्वेला मातीची पाळ, म्हणजे तलावाचा बांध, पाळीवर मोहाची झाडं, खाली धानाच्या बांध्या, भाताची खाचरं. पश्चिमेला जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं. पाळीचं दुरुस्तीचं काम आजोबांकडे होतं आणि आमचं क्वार्टर पाळीच्या टोकालाच होतं. सुट्टीच्या दिवशी आजोबा गळ घेऊन निघायचे. गाडी म्हणजे पार्बताचा डोंगा.

डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली अरुंद नाव. पार्बता आणि तिचा नवरा सोमाजी, दोघं ढिवर जातीचे मासेमार, या तलावावरच जगणारे. ती मागे उभी राहून बांबूने डोंगा ढकलायची, तो पुढच्या टोकाला बसून जाळं टाकायचा. त्यांच्या लग्नापासून हीच रीत. डोंगा असा असतो की पुढे माणूस नसेल तर त्याचं नाक वर उचललं जातं आणि तो गोल गोल फिरत राहतो. म्हणून ओम, पहिली टिप: बोटीत कोण कुठे बसणार हे काठावरच ठरवा, आणि एकदा बसलात की जागा बदलू नका. उभं राहून सेल्फ-टायमरने फोटो काढायचा तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माशाच्या मागे धावायचं नाही, त्याला बोलवायचं. आजोबा भाजलेला कोंडा आणि जवसाची ढेप ओल्या फडक्यात बांधून पाण्यात सोडायचे. चुरा हळूहळू वाहत जातो, मासा त्याचा माग काढत येतो. गळ त्या चुऱ्याच्या वाटेतच सोडायचा, भलतीकडे नाही. तुमच्याकडे माशाचे तुकडे वापरत असतील, तत्त्व एकच. आणि मोरपिसाच्या देठाचा तरंगता तुकडा हलला रे हलला की हिसका द्यायचा नाही. मासा आधी चाखतो. आजोबांना हे कळत होतं, पण हाताला वळत नव्हतं.

"साहेब, तुमी मासा पकडून राह्यले का माशीले हाकलून राह्यले?" पार्बता मागून म्हणायची.

"तू बांबू सांभाळ. मागच्या वेळी दोन किलोचा रोहू कोणी काढला?"

"त्यो म्हातारा होता जी. त्याले कंटाळा आला होता."

अशी त्यांची जुगलबंदी चाले. मी मधे बसून विणकाम करायचे.

आता मूळ गोष्ट. त्या वर्षी माघात सोमाजी गावातल्या टोळीबरोबर आंध्रात मिरची तोडायला गेला. दरवर्षी जायचे. होळीला टोळी परत आली, सोमाजी आला नाही. सोबतचे म्हणाले, तो आमच्या आधीच एका ट्रकमध्ये बसून निघाला होता. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पत्ता नाही. मग राजुऱ्याकडच्या एका पाहुण्याने निरोप आणला की बल्लारशाच्या पलीकडे रुळांवर एक बेवारस माणूस मेलेला सापडला होता. उंची तेवढीच. अंगात सोमाजीसारखाच लाल शर्ट. पोलिसांनी केव्हाच क्रियाकर्म उरकलं होतं.

सोमाजीचा थोरला भाऊ नथ्थू. पार्बता त्याला भासरे म्हणायची, तिकडे मोठ्या दिराला तसंच म्हणतात. माणूस वाईट नव्हता. भावाला गती मिळावी एवढंच त्याच्या मनात होतं. जातीतली चार माणसं बसली आणि ठरलं — प्रेत नाही, तर पळसाच्या काड्यांचा पुतळा करायचा, त्याला सोमाजीचं नाव द्यायचं आणि सोमवारी तलावाच्या काठावर जाळायचा. मग पार्बताने बांगड्या फोडायच्या.

तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण मुद्दा नीट समजून घ्या. पुतळा जाळला की तो माणूस मेला. नंतर तो खरोखर चालत दारात आला तरी त्याला तसंच घरात घेत नसत. कोणी म्हणे पुन्हा बारसं करावं लागतं, कोणी म्हणे पुन्हा लग्न, आणि पलीकडच्या एका गावात तर तशा माणसाला जन्मभर वेगळं जेवावं लागलं होतं. पार्बताला हे सगळं ठाऊक होतं.

"लाल शर्ट तं अख्ख्या तालुक्यात हाय," ती मला म्हणाली. "सरपंचापाशी बी हाय. मंग त्यालेबी जाळा म्हणा."

पण तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं. सासू-सासरे नव्हते, मूलबाळ नव्हतं.

सोमाजी गेल्यापासून तिने डोंग्याच्या पुढच्या टोकाला फुटक्या जात्याचा अर्धा दगड ठेवला होता, नाक खाली राहावं म्हणून. सोमाजीच्या जागेवर. बायका चिडवायच्या, "पार्बताचा नवरा गोटा झाला वं!" ती म्हणायची, "बरं हाय, दारू तं पीत नाई."

सोमवारच्या आधीचा शनिवार. दुपार, स्वच्छ ऊन, वाऱ्याचं नाव नाही. पाणी इतकं स्थिर की पलीकडचं जंगल त्यात उलटं उभं होतं. पार्बता घरी बसायला तयार नव्हती, म्हणून आम्ही तिघं निघालो. पुढे दगड, मग मी, माझ्यामागे आजोबा आणि सर्वांत मागे बांबू घेऊन पार्बता. धुकं, संधिप्रकाश, घुबड... असलं काही नव्हतं, हे लक्षात घ्या. मी ईराच्या बाबांचा स्वेटर विणत होते.

तलावाच्या मध्याला, खोल पाण्यावर आलो तेव्हा डोंग्याचं पुढचं टोक हळूच खाली गेलं. धक्का नाही, आवाज नाही. काठावर उभा असलेला माणूस पाय सांभाळत नावेत उतरावा, तसं. पाणी डोंग्याच्या कडेच्या अगदी बोटभर खाली आलं.

"साहेब, तुमी हालले का?"

"मी कशाला हलू?"

"मंग डोंगा समोरून काऊन बसून राह्यला?"

आजोबांना वाटलं, भेग पडली असेल, पाणी शिरलं असेल. त्यांनी मला पुढे हात घालून बघायला सांगितलं. मी बघितलं. तळ कोरडा ठणठणीत, दगडाखालचा पालासुद्धा कोरडा. तेवढ्यात कडेवरून पाण्याची एक जीभ आत आली. मला पोहता येत नाही. आजोबांनाही येत नव्हतं, तलावांवर नोकरी करून.

"दगड लोट," आजोबा म्हणाले. "हळू. एका बाजूला झुकू नकोस."

मी दोन्ही हातांनी तो अर्धा दगड कडेवर चढवला आणि सोडून दिला. डोंगा दोन-तीनदा डोलला आणि स्थिर झाला.

आता जे व्हायला हवं होतं ते सांगते. एवढं ओझं टोकावरून गेल्यावर नाक उसळून वर यायला हवं होतं. आलं नाही. डोंगा सपाट राहिला, अगदी सरळ. सोमाजी पुढे बसायचा तेव्हा राहायचा तसा. माझ्यापुढे डोंग्याचं रिकामं टोक होतं आणि त्यात ऊन पडलं होतं. मी वाकून तिथे हात फिरवला. हाताला काहीच लागलं नाही. गारवा नाही, ऊब नाही. आजोबा मागे बोटांवर हिशेब करू लागले होते.

पार्बताने बांबू आडवा धरला आणि माझ्या डोक्यावरून पुढे बघत, भाजीवालीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "जागा बरी सापडली तुले. घर नाई सापडत?"

मग तिने डोंगा वळवला. वाटेत तो एकदाही फिरला नाही, सुतासारखा सरळ गेला. काठाच्या चिखलाला टेकला आणि टेकता क्षणी त्याचं नाक वर उठलं. मी अजून जागची हलले नव्हते.

पाळीवर नथ्थू भेटला, सोमवारसाठी पळसाच्या काड्या तोडून परतत होता. पार्बताने त्याला तिथेच सगळं सांगितलं. तो हातातली मोळी खाली ठेवून बसलाच.

"मंग तं पक्कं झालं," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "त्याचा आत्मा आला. गती मागून राह्यला त्यो."

"आत्म्याले वजन असते का, भासरे?"

"काय?"

"वजन! डोंगा दबला. मेलेल्या माणसाचं वजन चितेवरच सरते. याचं सरलं नाई. तुमचा भाऊ कुठीतरी जेवून राह्यला."

"पागल झाली तू."

"साहेबाले विचारा. ते तं मोजमापवाले आहेत. साहेब, वजन होतं का नोहतं?"

ईरा, ओम, त्या वेळचा आजोबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. एकीकडे त्यांची उभ्या जन्माची शिस्त आणि दुसरीकडे ती बाई, चिखलात उभी, बांबू दोन्ही हातांनी धरून. "हवेचा परिणाम" वगैरे म्हणून त्यांना सुटता आलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वजन होतं," ते म्हणाले. "दगडाच्या जागी दगडाइतकं. कशाचं होतं ते मला माहीत नाही. पण होतं."

नथ्थूने मोळीचा दोर पुन्हा आवळला. मग म्हणाला, "होळीपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं नाई." आणि मोळी उचलून घरी गेला. त्या काड्यांवर त्यांच्याकडे नंतर अंघोळीचं पाणी तापलं.

त्या संध्याकाळी आजोबांनी क्वार्टरच्या अंगणात खडूने डोंगा आखला आणि आकडेमोड केली. पुढे कितीतरी वर्षं करत राहिले... लाकूड पाणी पितं, तळाशी गाळ चिकटतो, खालून प्रवाह असू शकतो. प्रत्येक कारण ते स्वतःच मांडायचे आणि स्वतःच खोडायचे. मलाही कारण सापडलेलं नाही. पार्बताचं वजनाचं तर्कशास्त्र मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी फक्त त्या नावेत दगडाला सगळ्यांत जवळ बसले होते, आणि दगड मी स्वतः लोटला होता.

होळीच्या थोडं आधी, सकाळच्या एसटीने सोमाजी आला. हाडांचा सापळा. एक पाय ओढत. ट्रक उलटला होता, मांडीचं हाड मोडून तो वारंगळकडच्या सरकारी दवाखान्यात महिनोन् महिने पडून होता, आणि नंतर एका वीटभट्टीवर चौकीदारी करत होता. लिहिता येत नव्हतं, तेलुगू येत नव्हती आणि लंगडा होऊन घरी जायची लाज वाटत होती. पुढे मी त्याला त्या शनिवारबद्दल विचारलं. त्याला शनिवार कोणता हेच ठाऊक नव्हतं. "तलावाची याद रोजच ये, बाई," एवढंच म्हणाला.

तो आल्याचं कळल्यावर आम्ही दोघं धावत गेलो. दारात गर्दी, आणि गर्दी त्याच्यापासून हातभर लांब. मेलेला धरलेल्या माणसाला हात लावायला कोणी पुढे होत नव्हतं. पार्बता उंबऱ्यात उभी होती, कमरेवर हात ठेवून, आणि तीसुद्धा भासऱ्यांच्या वाटेकडे बघत होती. नथ्थू खळ्यावरून आला. अंगभर धानाचा भुसा. तो गर्दीतून सरळ भावापुढे गेला आणि त्याने वाकून, सोमाजीच्या कमरेला मिठी घालून, त्याला जमिनीवरून उचललं.

"दादा, पाय दुखते! काय करून राह्यला?"

"थांब ना बे," नथ्थू म्हणाला. त्याने भावाला आणखी वर घेतलं, धान्याचं पोतं तोलतात तसं एकदा तोललं, आणि तसाच उचलून तो त्याला पार्बताच्या बाजूने उंबरा ओलांडत आत घेऊन गेला.