सर्जेरावाच्या स्टेअरिंगवरचा गणपती

गुरुवार, २५ ऑक्टोबर १९३४. बारामती. बाजारचा दिवस. ऊन कडक. गवार मिळाली नाही, वांगी घेतली. मोटारींच्या अड्ड्यावर सर्जेरावाचा आरडाओरडा. निम्मा बाजार तिकडे जमला.

अड्ड्याजवळ राहणाऱ्या लीलाबाईंनी दुपारी आपल्या रोजनिशीत एवढेच टिपून ठेवले. झाले ते असे.

सर्जेराव हा बारामती-इंदापूर सर्व्हिस मोटारीचा मालक, ड्रायव्हर आणि सर्वांत मोठा भक्त. रस्त्यात कोणी मानकरी दिसला की दोन्ही हात जोडून रामराम घालायचा हा त्याचा नेम. मान देताना स्टेअरिंग कोणी धरायचे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. दसऱ्यानंतर असाच एक रामराम घालताना मोटार मैलाच्या दगडावर चढली आणि पुढची चाके तिरपी झाली.

कुंडलिक मिस्त्रीने दोरी लावून चाके जुळवली. पण आता मोटार सरळ चालली की स्टेअरिंग वाकडे राही.

"स्टेरिंगची दांडी जुळवायची ऱ्हायलीय. उद्या या," कुंडलिक म्हणाला.

"मोटार सरळ जातीया न्हवं? मग उद्या कशाला?" असे म्हणून सर्जेरावाने मोटार बाहेर काढली.

अडचण एकच होती. स्टेअरिंगच्या मधोमध त्याने दसऱ्याला पितळेचा गणपती स्क्रूने बसवला होता. तो आता कुशीवर कलंडला. "द्येव निजलाय जणू," रोज भाजीच्या पाट्या घेऊन येणारी छबूबाई म्हणाली. सर्जेरावाने स्टेअरिंगला हात न लावता देवालाच फिरवून उभा केला आणि स्क्रू आवळला.

कन्हेरीचे आप्पासाहेब पाटील तुळशीच्या लग्नानंतर पुतण्याचे वऱ्हाड इंदापूरला नेणार होते. ते वऱ्हाड आपलेच, असे सर्जेरावाने गावभर सांगून ठेवले होते. दुसऱ्या मोटारीचा संभाजी ते ऐकून नुसता हसायचा. वऱ्हाड हातचे गेले तर अड्ड्यावर तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

गुरुवारी सकाळी पाटील पुढच्या सीटवर बसून एक चक्कर मारून आले.

"द्येव ब्येस हाय. पर तुजं एक कोपर आभाळाला का लागलंय? स्टेरिंग वाकडं हाय गड्या. वऱ्हाडाला वाकडं चालायचं न्हाय. नीट करून आण, मग बोलू."

सर्जेराव तडक कुंडलिककडे गेला. कुंडलिकने मोटारीखाली शिरून दांडी सैल केली, थोडी लांबवली, पुन्हा आवळली. स्टेअरिंग सरळ झाले. सर्जेराव इतका हरखला की हॉर्न वाजवीतच अड्ड्यावर आला. पाटलांनी आत डोकावून पाहिले. गणपती दुसऱ्या कुशीवर झोपला होता.

"सर्जेराव, ह्यो सकाळी उभा हुता."

"व्हय आप्पासाहेब, पर आता स्टेरिंग सरळ झालं, म्हनून..."

"स्टेरिंग वाकडं हुतं तवा द्येव उभा. सरळ झालं तर द्येव आडवा. द्येवालाच तुजी मोटार पसंत न्हाय."

"तसं न्हवं ओ!" सर्जेराव ओरडला. "म्याच त्येला फिरवला हुता!"

अड्ड्यावरचे लोक पुढे सरकले.

"दसऱ्याला पुजलेला द्येव तू फिरवलास?" पाटील म्हणाले. "आंगुळ तरी केली हुतीस का?"

"कसली आंगुळ!" छबूबाई भाजीच्या पाटीमागून म्हणाली. "बिडी हुती तोंडात."

पाटील संभाजीच्या मोटारीकडे वळले. तिथे देव नव्हताच. काचेजवळ चहाच्या जाहिरातीतली हसरी बाई चिकटवलेली होती. तिला कोणी फिरवले नव्हते. वऱ्हाड संभाजीचे ठरले.

सर्जेरावाने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "आता हात लावशील तर बघ!" छबूबाई ओरडली. त्याने तो परत खिशात घातला. कलंडलेला गणपती, दोन पाट्या आणि छबूबाई घेऊन मोटार इंदापूरच्या रस्त्याला लागली. ती अगदी सरळ जात होती, आणि ते बघायला अड्ड्यावर कोणी थांबले नाही.

लीलाबाईंनी संध्याकाळी लिहिले: "बंबाची तोटी गळते. तांबटाकडे धाडला."