मीटरवरची पन्नी

मले आजही माह्याच हुशारीचा राग येते. बाबा मरोद्याकडच्या एका लहान कारखान्यात गॅस लाइनवर फिटर होते अन् मी तिथंच मीटरचं काम पाहत होतो. भट्टीच्या गॅसले ना वास, ना रंग. माणूस उभ्याउभ्या जाते. म्हणून तिथं जुनी रीत होती. एक जण आत काम करे, दुसरा दारात उभा राहून घडीघडी विचारे, "हाव का?" आतून उत्तर ये, "हाव." म्हणजे शुद्धीवर आहे, बरा आहे.

मग गळ्यात घालायचे नवे मीटर आले. गॅस वाढला का वाजते, दारातल्या माणसाच्या हातातल्या स्क्रीनवर आकडाही दिसते. मी चारचौघात म्हटलं, आता हे ढोरं हाकलल्यावानी ओरडणं बंद करा. बाबा बुद्धविहारात पुढं बसणारे, नारळ-अगरबत्तीले न मानणारे. मले वाटलं, तेच पहिले हो म्हणतील.

"मीटर हवेची खबर ठेवते बापा," ते म्हणाले, "माणसाची कोण ठेवन?"

मी हसलो. लोकांसमोर पोराचा पाणउतारा नको म्हणून त्यांनी मीटर गळ्यात घातला, अन् हाक बंद झाली.

मीटर महागाचा. राख लागू नये म्हणून मीच त्यावर प्लास्टिकची पन्नी घट्ट बांधली, घरी टीव्हीच्या रिमोटले बांधतो तशी. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! आत हवाच जात नव्हती, तर तो गॅस ओळखन कसा? हे मले तवा सुचलंच नाही.

त्या दिवशी बाबा आत गेले. मी दारात स्क्रीन पाहत होतो. झिरो. आतून नट आवळणाऱ्या पान्याचा आवाज येत होता, तो थांबला. तरी झिरोच. मी त्या झिरोवर भरवसा ठेवून उभा राहिलो, लाज वाटते सांगाले. मग तोंडातून निघालं, "बाबा, हाव का?"

उत्तर आलं नाही.

मास्क लावून दोघांनी बाबाले बाहेर ओढून काढलं. वाचले, पण डोकं पहिल्यासारखं झालं नाही. आता दिवसभर खाटेवर बसून राहतात.

कारखान्यात हाक अजून बंदच आहे. मी जाऊन सांगितलं, तर नवे लोक हसले, मी हसलो होतो तसेच.

घरी मी स्वयंपाकघरातून बाबाले घडीघडी हाक देतो. परवा उत्तर आलं नाही म्हणून धावत गेलो. ते दाराकडंच पाहत होते. मलेच म्हणाले, "हाव का?"

मले हाव म्हणता आलं नाही.